अण्णा भाऊ आणि त्यांचे दोन सोबती

'फकिरा'चे लेखक अण्णा भाऊ साठे यांची ओळख मराठी वाचकास नव्याने करून द्यावयास नको. दीड दिवसाची शाळा आणि पस्तिसाच्या आसपास कादंबऱ्या, हा त्यांच्या चरित्रातील विरोधाभास इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, त्याखाली दुसरी एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. अण्णा भाऊ आधी शाहीर होते, कादंबरीकार नंतर. आणि शाहीर म्हणूनही ते एकटे नव्हते. दोन मित्रांसह त्यांनी १९४४ साली मुंबईत एक कलापथक उभे केले. त्याची हकिगत येथे सांगावयाची आहे. भोंग्याच्या आवाजावर घड्याळ लावणाऱ्या भिलाई-कुरुद परिसरातील आपणा मंडळींना ती परकी वाटू नये.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. हा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. आज तो सांगली जिल्ह्यात मोडतो. पाळण्यातील नाव तुकाराम; वडील भाऊराव, आई वालुबाई. गावात पोट भरेना, तेव्हा वडिलांनी कुटुंबासह मुंबईची वाट धरली. गाडीभाड्यास पैसे नव्हते. मजल दरमजल करीत, वाटेत मिळेल ते काम करीत ही मंडळी पायी मुंबईस पोहोचली. या मुलाने पुढे हमाली केली, फेरीवाल्यामागे गाठोडे वाहिले, गिरणीत झाडूवाला म्हणून काम केले. अक्षरओळख त्याने दुकानांच्या पाट्यांवरून व सिनेमाच्या जाहिरातींवरून वाढविली. शाळेने नाकारलेली विद्या रस्त्याने दिली, ती अशी.

माटुंग्याच्या लेबर कँपात त्यांचा कामगार चळवळीशी संबंध जडला. तेथील डासांवर त्यांनी रचलेले गाणे ही त्यांची अगदी आरंभीची रचना मानतात. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांनी गटाराकाठच्या झोपडीत रात्र काढली आहे त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. पुढे काही काळ ते गावी परतले आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात वावरले. फडाची सर्व अंगे, ढोलकीची जागा, सोंगाड्याने नेमके कोठे तोंड घालावयाचे, हे त्यांनी तेथे आत्मसात केले. ही शिदोरी घेऊनच ते पुन्हा मुंबईस आले. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी रचलेल्या पोवाड्याने कामगार वस्त्यांत त्यांचे नाव झाले.

दुसरे सोबती अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शीचा. आई मुनेरबी हिच्या तोंडच्या ओव्या ऐकत हा मुलगा वाढला. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संपात पुढाकार, त्यापायी तुरुंग, पुढे कोल्हापुरास चित्रपटाच्या स्टुडिओत नोकरी, असा त्यांचा प्रवास. आवाज असा की, ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभा अडू नये. तिसरे द. ना. गव्हाणकर. हेही शाहीर आणि त्याच चळवळीतले कार्यकर्ते. तिघेही तिशीच्या आतबाहेरचे. एक मातंग, एक मुसलमान. जन्माने एकमेकांचे कोणीही नव्हेत. त्यांना एकत्र आणले ते कामगार चळवळीने आणि गाण्याने. पथकाचे नाव ठेवले 'लाल बावटा कलापथक'.

नावावरूनच पक्ष कळतो. केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास त्यांची सगळीच राजकीय मते पटतात असे नाही. परंतु कलेच्या दृष्टीने त्यांनी जे केले ते असामान्य होते. जुन्या तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी साचा ठेवला आणि आतील माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला व कष्टकऱ्यांना वंदन आले, गौळण वगळली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' अशा वगांतून सावकार व पुढारी रंगमंचावर आले. डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज एवढ्या सामानावर चाळीच्या पटांगणात प्रयोग उभा राही. आपल्या दुर्ग जिल्ह्यातील नाचा ज्यांनी रात्रभर जागून पाहिला आहे, त्यांना जोक्कडाच्या विनोदातील खोच आठवेल. तमाशातील सोंगाड्या त्याचाच सख्खा भाऊ होय.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि या पथकाच्या प्रयोगांवरही गदा आली. तेव्हा तमाशाऐवजी 'लोकनाट्य' हे नाव पुढे आले. नाव बदलले, ढोलकी तीच राहिली. जो प्रकार घरंदाज माणूस चोरून पाहत असे, तो या नव्या नावाने उजळ माथ्याने मध्यमवर्गाच्या नाट्यगृहापर्यंत पोहोचला. यातील श्रेयाचा मोठा वाटा या तिघांकडे जातो. तो त्यांना पुरेसा दिला गेला नाही, असे माझे मत आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर या शाहिरांनी सभा गाजविल्या. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्याच काळची. पोटासाठी मुंबईस आलेल्या आणि बायकोला गावी ठेवून आलेल्या गड्याचे हे गाणे पाहता पाहता भाषिक राज्याचे गाणे होते, आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग हीच ताटातूट झालेली मैना ठरते. या परिसरातील जुन्या मराठी कुटुंबांना ती ताटातूट निराळ्या रीतीने ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण अलीकडे राहिलो. माहेर तेच, मधली हद्द तेवढी नवी.

ही छक्कड लोकांच्या मनात ठसली ती अमर शेखांच्या आवाजात. पुष्कळांना गाणे ठाऊक असे, गाणारा ठाऊक असे. रचणारा कोण हे विचारावे लागे. मैत्रीत हिशेब नसतो हे खरे, तरी पथकातील लेखकाच्या वाट्याला बहुधा हेच येते. पुढे १९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली, १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले आणि मग अण्णा भाऊंचे नाव स्वतंत्रपणे घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियास जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. भिलाईत त्याच सुमारास रशियन तंत्रज्ञ पोलाद कारखाना उभारीत होते. पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली होती. २०२२ साली मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा बसविण्यात आला.

मानसन्मान आले, पैसा मात्र आला नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी बरीच वर्षे काढली; बहुतेक कादंबऱ्या तेथेच लिहिल्या. अखेरच्या दिवसांत गोरेगावात सरकारी घर मिळाले. तेथे १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखही गेले.