आराखड्यातून आकाशाकडे : डॉ. विष्णु माधव घाटगे

भारतीय विमानविद्येचा विषय निघाला, की मराठी माणसाच्या ओठांवर पहिले नाव येते ते शिवकर बापूजी तळपदे यांचे. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २०१५ मध्ये तिच्यावर बेतलेला हिंदी चित्रपटही येऊन गेला. मात्र त्या विमानाचा मोजमापांसह आराखडा कोठेही उपलब्ध नाही. ज्यांच्या आराखड्यांतून शेकडो विमाने प्रत्यक्षात साकारली आणि भारतीय हवाई दलाच्या कित्येक पिढ्या उडायला शिकल्या, ते डॉ. विष्णु माधव घाटगे मात्र महाराष्ट्राला जवळजवळ अपरिचितच राहिले. बंगळूरमधील एका सभागृहाला त्यांचे नाव आहे. तेथे परिषदांना आणि समारंभांना जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे घाटगे कोण होते हे ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी दक्षिण महाराष्ट्रात झाला. गणिताची आणि पदार्थविज्ञानाची ओढ त्यांना जर्मनीतील गटिंगेन येथे घेऊन गेली. लुडविग प्रांटल हे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक तेथे अध्यापन करीत. वाहत्या हवेचा वस्तूच्या पृष्ठभागालगतचा अगदी पातळ थर वेगळा विचारात घेतला, तर प्रवाहाचे आणि त्याच्या विरोधाचे कोडे उलगडते, हा विचार प्रांटल यांनी १९०४ साली मांडला होता. विमानशास्त्राचा पायाच त्यावर रचला गेला. प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या मोजक्या भारतीयांपैकी घाटगे एक होत. १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. ते दिवस गटिंगेनच्या पडझडीचे होते. नाझी राजवट येताच १९३३ मध्ये माक्स बोर्न, रिखार्ड कूरांट, एमी न्यॉटर यांच्यासारख्या विद्वानांना तेथील अध्यापन सोडावे लागले होते. अशा वातावरणातून हा मराठी तरुण एक विद्या घेऊन परतला. पंखाच्या आकारातील बोटभर फरकही हवेला कळतो, हे त्या विद्येचे सार होते.

परतल्यावर या विद्येचे करायचे काय, हा प्रश्न होता. भारतात विमाने उडत होती, पण ती बनवणारा कारखाना नव्हता. ती उणीव भरून काढण्याचे धाडस सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी केले. विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाचे साहाय्य आणि म्हैसूर संस्थानची भागीदारी मिळवून त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. घाटगे या कंपनीत आले ते तिच्या अगदी सुरुवातीच्या काळात. युद्ध सुरू होते. यंत्रे अमेरिकेतून आली, सुटे भाग अमेरिकेतून आले आणि आराखडेही अमेरिकेतूनच आले. १९४१ मध्ये हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान आणि १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान येथे जुळवले गेले. पुढे सरकारने कंपनीचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले आणि कारखाना मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती करण्यात गुंतला. कामगारांच्या हाताला कौशल्य आले. मात्र दुसऱ्याचा आराखडा समोर ठेवून विमान जोडणे आणि स्वतः आराखडा काढणे, यांत मोठे अंतर होते. ते ओलांडणे हेच घाटगे यांच्या आयुष्याचे कार्य ठरले.

हे अंतर केवढे होते ते समजण्यासाठी विमानाचा आराखडा म्हणजे काय, हे पाहायला हवे. घराच्या नकाशात बहुतेक रेषा सरळ असतात. लांबी, रुंदी आणि उंची सांगितली की गवंड्याचे भागते. विमानाच्या अंगावर सरळ रेषा शोधाव्या लागतात. त्याचे धड नाकापासून शेपटीपर्यंत सतत आकार बदलत जाते. म्हणून ठरावीक अंतरांवर त्याला उभे कापल्याची कल्पना करून प्रत्येक ठिकाणचा काटछेद काढावा लागतो आणि त्या सर्व छेदांवरून एकही उंचवटा वा खळगा न येता आवरण बसेल, हे पाहावे लागते. ही विद्या विमानाने जहाजाकडून घेतली. कोकणात गुहागरच्या किनाऱ्यावर किंवा दाभोळच्या खाडीत ओढून ठेवलेली लाकडी होडी न्याहाळली, तर तिचे मूळ सूत्र दिसते. तळाचा एक कणा, त्यावर लहानमोठ्या होत जाणाऱ्या बरगड्या आणि त्यांवरून सलग वळत गेलेल्या फळ्या. एखादी बरगडी चुकली, की फळी तेथे नीट बसत नाही. होडी बांधणारा ती चूक डोळ्यांनी आणि हाताने ओळखतो. विमानाच्या कारखान्यात हेच काम मोठ्या दालनाच्या जमिनीवर पूर्ण आकाराच्या रेषा काढून होत असे. लवचिक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरायची, ती जसा बाक घेईल तशी रेष ओढायची आणि तीच रेष वरून, बाजूने आणि समोरून काढलेल्या तिन्ही चित्रांत एकमेकींशी जुळते का, हे तपासायचे. या कामाला ‘लॉफ्टिंग’ म्हणतात.

पण रेष गुळगुळीत असणे पुरेसे नसते. ती तेथेच का, याचे उत्तर आराखडा काढणाऱ्यापाशी असावे लागते. पंखाची जाडी किती, त्याचा धडाशी कोन किती, शेपटीचे क्षेत्रफळ किती आणि भारकेंद्र कोठे, या सर्व प्रश्नांची उत्तरे गणिताने आणि वातबोगद्यातील चाचण्यांनी द्यावी लागतात. घाटगे यांनी स्वतःचा पहिला प्रयत्न युद्धाच्या काळातच केला. दहा सैनिक वाहून नेणारे ‘जी-१’ हे ग्लायडर त्यांनी रचले आणि ते उडाले. त्याचे उत्पादन पुढे झाले नाही; पण भारतीय अभियंत्याच्या आराखड्यावरून बंगळूरच्या कारखान्यात यंत्र तयार झाले, ही गोष्ट सिद्ध झाली. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. एकटा माणूस विमान रचू शकत नाही, रचणाऱ्यांची पिढी घडवावी लागते, ही जाण त्यामागे होती. त्या विभागातून निघालेले अभियंते पुढे देशाच्या विमान आणि अवकाश कार्यक्रमांत पसरले.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला नव्या प्रशिक्षण विमानाची गरज होती. तोवर शिकाऊ वैमानिक ब्रिटिश बनावटीच्या टायगर मॉथवर उडायला शिकत. ते एकावर एक पंखांचे, कापडी आवरणाचे आणि उघड्या बैठकींचे विमान जुन्या युगातले झाले होते. त्याच्या जागी घाटगे यांच्या पथकाने ‘एचटी-२’ रचले. खाली बसवलेला एकच पंख, धातूची बांधणी, एकामागे एक दोन बैठका आणि शेपटीखाली छोटे चाक, असे त्याचे रूप होते. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम आकाशात नेले. भारतात रचलेले आणि भारतातच बांधलेले हे पहिले इंजिनचलित विमान उत्पादनापर्यंत पोहोचले. प्रशिक्षण विमान रचणे वरवर सोपे वाटते, पण ते नवख्याच्या हाती द्यायचे असते. शिकाऊ वैमानिक वेग गमावतो, विमान गिरक्या घेत खाली येऊ लागते; त्या गिरकीत ते शिरले पाहिजे, कारण तो धड्याचाच भाग आहे, आणि योग्य उपाय करताच बाहेरही आले पाहिजे. रचनाकाराच्या चुकीची किंमत येथे विशीतला एखादा मुलगा मोजतो. दीडशेहून अधिक एचटी-२ बांधली गेली आणि जवळपास चार दशके ती वापरात राहिली. १९५९ मध्ये घानाने आपले हवाई दल उभारले, तेव्हा त्यांचे पहिले वैमानिकही याच विमानांवर शिकले.

त्यानंतरचा काळ बंगळूरच्या कारखान्यासाठी भरभराटीचा होता. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठीचे छोटे ‘पुष्पक’ उडाले. पाठोपाठ लष्करासाठी टेहळणीचे ‘कृषक’ आले. १९५६ मध्ये सरकारने कुर्ट टांक या नामांकित जर्मन रचनाकाराला पाचारण केले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मारुत’ या लढाऊ विमानाचे काम सुरू झाले. ते १७ जून १९६१ रोजी उडाले. घाटगे यांच्या पथकाने त्याच सुमारास जेट प्रशिक्षण विमान हाती घेतले होते. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ‘किरण’ने पहिले उड्डाण केले. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतील, अशी त्याची रचना होती. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती १९९६ ते २०११ या काळात ज्यांनी पाहिल्या, त्यांनी याच किरणची सुधारित आवृत्ती पाहिली आहे. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री देण्यात आली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

तोवर आराखड्याचे जगच बदलले होते. १९६० च्या सुमारास फ्रान्समधील मोटार कारखान्यांत पिएर बेझिए आणि पॉल द कास्तेलजो यांनी वक्र रेषा आणि वक्र पृष्ठे गणिताने मांडण्याच्या पद्धती शोधल्या आणि लवचिक पट्टीचे काम संगणकाकडे आले. १९९४ मध्ये उडालेले बोइंग ७७७ पूर्णपणे संगणकावर रचले गेले. २००१ मध्ये उडालेल्या आपल्या ‘तेजस’ची रचनाही संगणकाच्याच साहाय्याने झाली. आज अभियांत्रिकीचा कोणताही विद्यार्थी एचटी-२ सारख्या जुन्या विमानाची त्रिदृश्य चित्रे ‘कॅड’ प्रणालीत घेऊन त्याचे त्रिमित प्रतिरूप घडवू शकतो. वरचे, बाजूचे आणि समोरचे चित्र परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन प्रतलांवर ठेवायचे, विमानाच्या ज्ञात लांबीशी आणि पंखांच्या रुंदीशी मापे जुळवायची, कडेच्या रेषा गिरवायच्या, मधले काटछेद बसवायचे आणि त्यांवरून पृष्ठ ताणायचे.

काम सुरू केल्यावर लवकरच अडचणी दिसू लागतात. जुना कागद आखडलेला असतो, त्यामुळे तीन चित्रे आपसांत जुळत नाहीत. त्रिदृश्य चित्र बाह्यरेषा देते. मधला आकार सांगत नाही. पंख जेथे धडाला मिळतो तेथील वळण तर तिन्ही चित्रांत लपलेलेच राहते. तेथे विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेताना हवा तेथून कशी वाहील याचा विचार केला, तरच गिरवणे संपून रचना सुरू होते.

संगणक हा विचार करून देत नाही. त्याला पृष्ठाचा गुळगुळीतपणा कळतो. विमान उडेल की नाही, हे तेवढ्यावरून कळत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण घाटगे यांच्याच संस्थेने दिले आहे. ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या संस्कृत ग्रंथासोबत शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशा विमानांची रेखाटने आहेत. ती १९२३ साली बंगळूरमधील एका आरेखकाने काढली होती. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील वैमानिक आणि यांत्रिक अभियांत्रिकीच्या अभ्यासकांनी ग्रंथाची भाषा, त्याचा इतिहास आणि ही रेखाटने तपासली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि चित्रांतील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या विभागाची सुरुवात घाटगे यांनी केली, त्याने अभिमानाच्या विषयालाही गणिताची कसोटी लावली. आज रुक्म विमानाचे प्रतिरूप संगणकावर तितकेच देखणे करता येईल, जितके एचटी-२ चे. पडद्यावर दोन्ही सारखीच झळकतील.

चित्र आणि आराखडा यांतील हा फरक घाटगे यांनी आयुष्यभर सांभाळला. प्राचीन वैभवाचा दावा करणे सोपे असते; मोजमापे मांडून, चाचणी घेऊन, वैमानिकाचा जीव त्यावर सोपवून उभे राहणे कठीण असते. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रतिरूपांचे धडे गिरवताना एखाद्या वर्गाने परदेशी विमानाऐवजी एचटी-२ चा आराखडा समोर घेतला, तर आपल्याच माणसाने घेतलेल्या प्रत्येक निर्णयामागचे कारण त्या मुलांना शोधावे लागेल. घाटगे यांचे याहून उचित स्मरण दुसरे कोणते असणार?