सज्जन मालकाची कसोटी

नोकरांशी ममतेने वागावे, हा उपदेश व्यापारी वर्गास नवा नाही. परंतु ती ममता नोकराचा विरोध सोसण्याइतकी बळकट आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यास आर्नोल्ड हिल्स यांच्या चरित्राइतके योग्य निमित्त आम्हास दुसरे दिसत नाही.

हिल्स यांचा जन्म १८५७ सालचा. घर धनिकाचे, शिक्षण हॅरो व ऑक्सफर्ड येथे. १८८० साली, ऐन तेविशीत, ते पूर्व लंडनमधील थेम्स आयर्नवर्क्स या जहाजकारखान्याच्या संचालक मंडळात आले. ब्रिटिश आरमाराची लोखंडी बांध्याची पहिली चिलखती युद्धनौका 'वॉरियर' १८६० साली येथूनच पाण्यात उतरली होती. अशा कारखान्याचा हा धनी काही वर्षे मजुरांच्याच वस्तीत राहिला. मद्य व मांस त्यांनी वर्ज्य केले. जो मनुष्य ताटात हिंसा सोशीत नसे, तोच तोफांची जहाजे बांधी, हा विरोध मात्र त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत राहिला.

मजुरीच्या खर्चात जी बचत होईल, तिचा वाटा मजुरांस देण्याची योजना त्यांनी १८९२ मध्ये घातली. नऊ-दहा तास राबण्याची वहिवाट असता त्यांनी दिवसाचे काम आठ तासांवर आणले. १८९५ साली मजुरांसाठी फुटबॉलचा संघ काढला. तोच १९०० पासून वेस्ट हॅम युनायटेड या नावाने खेळत आहे.

येथवर सर्व वंदनीय. परंतु हिल्स लंडनच्या शाकाहारी मंडळीचे अध्यक्ष व मोठे आश्रयदाते असता, संततिनियमनाचा पुरस्कार करणारे डॉ. अ‍ॅलिन्सन मंडळीत नकोत, असा त्यांनी आग्रह धरला. त्या वेळी कार्यकारी समितीत मोहनदास गांधी नावाचे एक लाजाळू हिंदी विद्यार्थी होते. डॉक्टरांचे मत त्यांसही मान्य नव्हते. तथापि जो शाकाहार पाळतो त्यास अन्य मतांसाठी काढू नये, असे त्यांनी लिहून आणले. वाचण्याचे धैर्य झाले नाही, दुसऱ्याने वाचले. मते अध्यक्षांच्या बाजूने पडली. न्याय, आमच्या मते, त्या विद्यार्थ्याच्या बाजूस होता.

उत्तरेकडील कारखान्यांस कोळसा व लोखंड हाताशी. त्यांच्या दरांपुढे थेम्सचा टिकाव लागेना. 'थंडरर' ही शेवटची मोठी युद्धनौका १९११ साली उतरली आणि १९१२ मध्ये कारखाना बंद पडला. संधिवाताने पंगू झालेले हिल्स १९२७ साली वारले. 'वॉरियर' मात्र पोर्ट्‌स्मथ बंदरात आजही उभी आहे.

आमच्या पेढ्यांच्या व गिरण्यांच्या धन्यांनी हिल्स यांचे आठ तास व नफ्याचा वाटा अवश्य घ्यावा. पण त्यासोबत त्या लाजाळू विद्यार्थ्याचा कागदही गादीजवळ ठेवावा. आपल्या अन्नावर वाढणाऱ्याने आपल्याहून निराळे मत सांगितले असता ज्याच्या कपाळी आठी पडत नाही, तोच खरा सज्जन मालक.