सर जॉन चार्न्ली

भिवंडीच्या मुलांना मागाचा खडखडाट नवा नाही. परंतु मागाच्या दातेरी चाकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका पदार्थाने जगातील लक्षावधी पंगू माणसांना पुन्हा चालते केले, ही हकीकत आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ज्या पुरुषाच्या चरित्रात ती येते, त्यांचे नाव सर जॉन चार्न्ली.

चार्न्ली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात, बरी या गावी झाला. मँचेस्टरच्या शेजारचे हे गावही गिरण्यांचेच. वडील औषधांचे दुकान चालवीत. आई परिचारिका होती. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि शस्त्रवैद्याची सर्वोच्च परीक्षा वयाच्या पंचविसाव्या वर्षीच उत्तीर्ण केली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात असताना ईजिप्तमध्ये त्यांनी अस्थिरोग्यांसाठी नाना उपकरणे घडविली. यंत्रांचा हा नाद पुढे सुटला नाही. घरी त्यांनी लेथ बसविली होती व तिच्यावर ते स्वतः काम करीत.

युद्धानंतर ऑस्वेस्ट्री येथील रुग्णालयात असताना, हाड कसे सांधते हे पाहण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करवून घेतली. जखम चिघळली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. असे धाडस करावे की नाही, याविषयी मतभेद होईल. माझ्या मते करू नये. पण मनुष्य कसा होता, हे यावरून कळते.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील वाटीत फिरतो आणि दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. संधिवाताने ही कूर्चा झिजली, की पाऊल टाकणे म्हणजे यातना. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी १९४६ साली हाडाच्या माथ्याऐवजी अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसविण्यास आरंभ केला होता. असाच गोळा बसविलेला एक रोगी चार्न्लींकडे आला. त्याचा सांधा हालचाल करताच कुरकुरे. इतका, की त्याची पत्नी जवळ थांबेनाशी झाली होती. दुसरा कोणी हसला असता. चार्न्ली विचारात पडले. कुरकुर म्हणजे घर्षण, आणि जेथे घर्षण आहे तेथे बसविलेला गोळा आज ना उद्या ढिला होणारच, हे त्यांनी ओळखले.

म्हणून त्यांनी घर्षण कमी करणारा पदार्थ शोधला. तो टेफ्लॉन; ज्याच्या लेपामुळे तव्याला घावन चिकटत नाही, तोच. टेफ्लॉनची वाटी, तीत पोलादाचा लहान गोळा आणि दोन्ही हाडांत पक्के बसविण्यासाठी दंतवैद्य वापरतात त्या जातीचे सिमेंट, अशी त्यांची योजना होती. विगन शहराजवळच्या राइटिंग्टन येथील जुन्या क्षयरुग्णालयात त्यांनी हे काम चालविले. परिणाम डोळे दिपविणारा होता. काठीवर आलेले लोक काठीवाचून घरी गेले. सुमारे तीनशे रोग्यांना असे सांधे बसले.

दोन-तीन वर्षांत मात्र तेच रोगी वेदना घेऊन परत येऊ लागले. गोळ्याने टेफ्लॉनची वाटी पोखरली होती आणि झिजलेल्या कणांभोवती दह्याच्या चोथ्यासारखा लगदा साठून हाड कुरतडले जात होते. टेफ्लॉनचा अखंड तुकडा शरीरास बाधत नाही, एवढे ठाऊक होते. त्याची भुकटी काय करील, हे कोणी पाहिलेच नव्हते. चार्न्ली यांनी दोष ना कारखानदारावर ढकलला, ना रोग्यांवर. एकेका रोग्यास बोलावून ते सांधे त्यांनी आपल्याच हातांनी काढले. आपले अपयश त्यांनी १९६३ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात छापून प्रसिद्ध केले. अपयश छापणारे विद्वान दुर्मीळच!

मागाचा संबंध येथे येतो. मे १९६२ मध्ये एक विक्रेता प्रयोगशाळेत आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील यंत्रांच्या चाकांसाठी वापरले जाणारे, अतिशय घट्ट विणीचे जर्मन पॉलिथिलीन त्याच्यापाशी होते. चार्न्लींनी तुकडा पाहून तो टाकाऊ ठरविला व ते परगावी गेले. त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविलाच. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितके हे पॉलिथिलीन तीन आठवड्यांतही झिजले नाही. परत आल्यावर चार्न्लींनी आपली चूक कबूल केली. एवढ्यावरही न थांबता त्यांनी दोन्ही पदार्थांचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी उठल्या. पॉलिथिलीनच्या जागी काही झाले नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये नवी वाटी प्रथम रोग्यास बसली.

आता ती विकून धन मिळविणे सोपे होते. पण पोळलेल्या चार्न्लींनी कित्येक वर्षे ती सर्वांस विकू दिली नाही. राइटिंग्टनला येऊन जे शिकले, त्यांनाच ती मिळे. रोग्यांनी दरवर्षी तपासणीस यावे, असा त्यांचा आग्रह असे.

या सावधगिरीची किंमत आपल्या महाराष्ट्रालाही पुढे कळली. डिप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा सांधा धातूवर धातू फिरणारा होता. त्यातून कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटून रोग्यांच्या रक्तात मिसळत. कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागविला, तेव्हा सुमारे ९३,००० सांधे बसून चुकले होते. हिंदुस्थानात सुमारे ४,७००. मुंबईतील रोगीही त्यांत होते आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे फिर्याद नेली. प्रयोगशाळेच्या यंत्रावर हा सांधा उत्तम ठरला होता. माणसांच्या शरीरात ठरला नाही.

पॉलिथिलीनही सर्वस्वी निर्दोष नव्हे. पंधरा-वीस वर्षांत त्याचेही कण हाड पोखरू शकतात, आणि म्हणूनच पुढे अधिक टिकाऊ पॉलिथिलीन तयार झाले. जखमेत पू होऊ नये यासाठीही चार्न्लींनी फार झीज सोसली. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्यांनी काचघरासारखी एक कोठी उभारली व तीत गाळलेली हवा खेळविली. पूर्वी शंभरांत सात-आठ जखमा पिकत; पुढे त्यांचे प्रमाण शंभरांत एकाहूनही खाली आले.

त्यांना १९७४ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९७७ साली सर हा किताब मिळाला. बसविलेला सांधा वीस वर्षांनी आत कसा असतो, हे जिवंत माणसात दिसत नाही. म्हणून मृत्यूनंतर तो रुग्णालयाला द्यावा, अशी विनंती ते आपल्या रोग्यांस करीत. शेकडो माणसांनी तसे लिहून दिले. ५ ऑगस्ट १९८२ रोजी चार्न्ली वारले. त्यानंतरही त्यांच्या रोग्यांचे सांधे राइटिंग्टनला तपासणीसाठी येत राहिले.