छत्रपती प्रतापसिंह भोसले (सातारा)

छत्रपती प्रतापसिंह भोसले ऊर्फ बुवासाहेब (जन्म : १८ जानेवारी १७९३, मृत्यू : १४ ऑक्टोबर १८४७, काशी) हे सातारच्या गादीवरील छत्रपती होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ मध्ये त्यांना गादीवर बसवले आणि ५ सप्टेंबर १८३९ रोजी राजद्रोहाचा ठपका ठेवून पदच्युत केले. हा ठपका मुख्यतः काही साक्षी, काही पत्रे आणि त्या पत्रांवरील शिक्के यांवर आधारलेला होता. ही पत्रे खरी की बनावट, हा वाद त्यांच्या हयातीत सातारा, मुंबई आणि लंडन अशा तिन्ही ठिकाणी गाजला.

पूर्वायुष्य

प्रतापसिंह हे दुसरे शाहू महाराज आणि आनंदीबाई ऊर्फ माईसाहेब यांचे ज्येष्ठ पुत्र. रामचंद्र ऊर्फ भाऊसाहेब आणि शहाजी ऊर्फ आप्पासाहेब हे त्यांचे धाकटे बंधू. १८०८ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर ते गादीवर आले, परंतु छत्रपती या काळात पेशव्यांच्या नजरकैदेतच होते. इंग्रज-मराठे युद्ध सुरू झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाने राजकुटुंबाला वासोटा किल्ल्यावर ठेवले व पुढे आपल्या लष्कराबरोबर फिरवले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले आणि राजकुटुंब इंग्रजांच्या हाती आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी प्रतापसिंहांची सातारच्या गादीवर पुन्हा स्थापना केली.

राज्यकारभार

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्याची हद्द ठरली. दक्षिणेस वारणा व कृष्णा, उत्तरेस नीरा व भीमा, पश्चिमेस सह्याद्री असा हा मुलूख होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा आणि खानापूर हे भाग त्यात येत. जतचे डफळे, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, भोरचे पंत सचिव हे जहागीरदारही सातारच्या छत्राखाली होते. परराज्यांशी कंपनीच्या परवानगीशिवाय पत्रव्यवहार करायचा नाही, अशी अट तहाच्या पाचव्या कलमात होती. पुढे सारे प्रकरण याच कलमाभोवती फिरले.

आरंभी रेसिडेंट जेम्स ग्रँट (इतिहासकार ग्रँट डफ) कारभार पाहत असत. १८२२ मध्ये तो राजांच्या हाती आला. प्रतापसिंहांनी रस्ते बांधले, सातारा शहराला पाणी आणले, पाठशाळा काढली, ग्रंथसंग्रह केला. ते स्वतः नियमाने रोजनिशी ठेवीत. महाबळेश्वरची जागा त्यांनी १८२९ मध्ये इंग्रजांना दिली व तेथे माल्कमपेठ वसली. कंपनीच्या संचालकांनी १८३५ मध्ये त्यांच्या कारभाराची प्रशंसा करून रत्नजडित तलवार पाठवण्याचे ठरवले. परंतु मुंबई सरकारने ती त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली नाही.

याच काळात वेदोक्ताच्या प्रश्नावरून आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या ग्रामण्यावरून मोठा संघर्ष झाला. राजांनी क्षत्रियत्वाचा आणि प्रभूंचा पक्ष घेतला. विरुद्ध बाजूस बाळाजीपंत नातू आणि सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे प्रमुख होते. शिवाय जहागिरींवरील हक्काबाबत राजे आणि मुंबई सरकार यांच्यात तेढ वाढली. राजांविरुद्धच्या साक्षीपुराव्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण साक्षीदार आणि कागद पुढे आले ते याच वातावरणात.

गुप्त चौकशी

१८३६ मध्ये तेविसाव्या देशी पलटणीतील सुभेदारांना फितवल्याचा आरोप राजांवर आला. अंताजी नावाच्या एका ब्राह्मणामार्फत हे घडले, असे सांगण्यात आले. ऑक्टोबरमध्ये रेसिडेंट लॉडविक, लेफ्टनंट कर्नल ओव्हन्स आणि मुंबई सरकारचे चिटणीस विलोबी यांचे मंडळ साताऱ्यात गुप्तपणे बसले. राजांनी मंडळापुढे आरोप नाकारला. त्यांचे दिवाण गोविंदराव यांना अटक करून पुढे अहमदनगरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

यानंतर दोन आरोप वाढले. एक, गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर दों मानुएल यांच्याशी संधान बांधून युरोपातून फौज आणवण्याचा कट. आणि दुसरा, नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार. हे आप्पासाहेब तेव्हा जोधपुरात निराधार आश्रित म्हणून दिवस काढीत होते. दों मानुएल यांनीही आरोप साफ नाकारला. या दोन आरोपांबाबत राजांसमक्ष खुली चौकशी झाली नाही. आरोप आणि पुरावा यांच्या नकला राजांनी वारंवार मागितल्या, पण त्या मिळाल्या नाहीत.

गिरजाबाईंचा अर्ज

तपासाला वळण देणारा एक कागद म्हणजे दिवाण गोविंदराव यांच्या आई गिरजाबाई यांच्या नावे सरकारकडे आलेला अर्ज. मुलाच्या सुटकेसाठी व्याकूळ झालेली आई राजांचे कारस्थान उघड करते, असे त्याचे स्वरूप होते. मुंबई सरकारने त्याला मोठे महत्त्व दिले. परंतु पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या गृहस्थाने, हा अर्ज आपणच लिहिला, असे सांगून त्याचे बक्षीस मागितले. ही गोष्ट ओव्हन्स यांना ठाऊक असूनही त्यांनी ती दडवली, असा आक्षेप राजांच्या बाजूने घेतला गेला. आईच्या नावाने आलेला कागद परक्या माणसाने लिहिला, हे कळल्यावर त्यावर उभारलेल्या पुढील तपासाची फेरतपासणी व्हायला हवी होती. ती झाली नाही.

शिक्के आणि कागद

गोवा प्रकरणातील पत्रांचे मोल ठरवण्यासाठी मराठी राजपत्रांची घडण समजून घ्यावी लागते. राजे पत्राचा मजकूर सहसा स्वतः लिहीत नसत. कारकून बोरूने, काजळीच्या शाईत, मोडी लिपीत तो लिही. माथ्यावर शिक्का उमटे, मजकूर संपला याची खूण म्हणून शेवटी मोर्तब होई आणि दफ्तरात नोंद झाल्याच्या ‘बार’ खुणा पडत. पत्राला अधिकार येई तो सहीमुळे नव्हे, शिक्क्यामुळे. त्यामुळे ज्याच्या हाती शिक्का किंवा त्याची हुबेहूब नक्कल, त्याच्या हाती राजांचे पत्र, अशी स्थिती होती.

अशा कागदाची पारख करण्याच्या रीती आज न्यायवैद्यक दस्तऐवज परीक्षेत रूढ आहेत. निःसंशय अस्सल असलेल्या पत्रांवरील ठशाशी संशयित ठसा ताडून पाहिला जातो. अक्षरांची वळणे, कडेची नक्षी, मधले अंतर यांत नवा कोरलेला शिक्का कुठेतरी वेगळा पडतो. धातूचा शिक्का वापराने झिजतो, त्याला खाचा पडतात. एखादी खाच आधीच्या वर्षीच्या अस्सल ठशात दिसत असेल आणि नंतरच्या तारखेच्या संशयित ठशात नसेल, तर तो ठसा त्याच शिक्क्याचा असू शकत नाही. कागद विलायती असेल तर जलचिन्हातील वर्ष उपयोगी पडते. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदाला ही सोय नाही. कारकुनाचे हस्ताक्षर इतर कागदांतून ओळखता येते. आणि दफ्तरात नोंद नसणे हाही पुरावाच असतो, मात्र गुप्त पत्राच्या बाबतीत तो निर्णायक नव्हे.

या सर्वांइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कागद कोणाच्या हातून कोणाकडे गेला. गोवा प्रकरणातील कागद राजवाड्याच्या झडतीत सापडलेले नव्हते. गोव्याकडे मध्यस्थी करणाऱ्याच्या मृत्यूनंतर मागे राहिलेले म्हणून ते पुढे आले आणि पैसे देऊन मिळवण्यात आले. विकत घेतलेला कागद खोटाच असतो असे नाही. परंतु विक्रेत्याला तो तयार करण्याचा मोह होता, एवढे तरी मान्य करावे लागते. हिंदुस्थानात हस्ताक्षराविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरणारा पुराव्याचा कायदा १८७२ मध्ये आला. पण आरोपीला कागद दाखवून त्याचे म्हणणे ऐकण्यासाठी त्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

काही अभ्यासकांच्या मते गोव्याकडील मंडळींशी राजांचे बोलणे झाले असावे. तसे मानले तरी पत्रांच्या अस्सलपणाचा प्रश्न वेगळाच राहतो.

पदच्युती

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आले. तहाचा भंग केल्याची कबुली असलेल्या कागदावर राजांनी सही करावी, म्हणजे गादी कायम राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. मुलाखती झाल्या, मनधरणी झाली, इशारेही दिले गेले. राजांनी सही केली नाही. कबुलीपेक्षा चौकशी करा, ही त्यांची मागणी अखेरपर्यंत होती. या साऱ्या प्रकरणात ज्याच्या खरेपणाविषयी कोणालाच शंका घेता आली नसती असा एकच कागद राजांपुढे आला, आणि तो त्यांनी कोराच परत केला.

५ सप्टेंबरच्या पहाटे फौजेने वाडा वेढला व राजांना पालखीतून साताऱ्याजवळील लिंब गावी नेण्यात आले. तेथून काशीचा प्रवास झाला. वाटेत त्यांचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती यांचा मृत्यू झाला. प्रवासातच जन्मलेल्या त्यांच्या पुत्राला राजांनी पुढे दत्तक घेतले. साताऱ्यात धाकटे बंधू आप्पासाहेब गादीवर आले.

लंडनमधील दाद

राजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्सन यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रकरण लावून धरले. विशेष म्हणजे गुप्त मंडळाचे एक सदस्य असलेले लॉडविक यांनीही पुढे राजांच्या बाजूने भूमिका घेतली. या वादामुळे सातारा प्रकरणाचे कागद इंग्लंडमध्ये छापले गेले आणि गिरजाबाईंच्या अर्जाची हकीकत सर्वांपुढे आली. निर्णय मात्र बदलला नाही.

प्रतापसिंह १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीस निवर्तले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आप्पासाहेबही वारले आणि दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ या ग्रंथात हा इतिहास मांडला. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेला प्रतापसिंहांचे नाव आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा प्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेत झाला. सातारकर महाराजांचे दफ्तर पुणे येथील पुराभिलेखागारात आहे.