चिजांचे कुलूप उघडणारे भातखंडे

आम्हा ग्वाल्हेरकरांना पंडित विष्णु नारायण भातखंडे परके नाहीत. १८६० च्या गोकुळाष्टमीला मुंबईत वाळकेश्वरी त्यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले. पण पत्नी आणि मुलगी गेल्यावर त्यांचे वकिलीवरचे मन उडाले, ते कायमचे.

त्या काळी घराण्यांच्या चिजा कुलूपबंद असत. उस्ताद गेला की चीजही जाई. पंडितजी गावोगाव हिंडले, उस्तादांची मनधरणी केली, प्रसंगी शागिर्दी पत्करली आणि शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांतून सर्वांसाठी छापल्या. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यात संगीत परिषद भरली. मग आमच्या माधवराव महाराजांनी येथले गवई स्वरलिपी शिकायला मुंबईस धाडले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. गळ्यात घराणे मुरलेल्यांनी कागद गिरवायचा, हे सोपे नव्हते! १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले, १९२६ मध्ये लखनौचे.

गाणे कागदावर मावत नाही, हा आक्षेप आम्हालाही पुरता खोटा वाटत नाही. पण कितीतरी चिजा उरल्या त्या कागदामुळेच.

अखेरची तीन वर्षे पंडितजी अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती.