सॉक्रेटिसाची वाद्यसाधना

विद्येस वयाची अट नाही, असे आपण सर्वजण मानतो; परंतु स्वतःवर पाळी आली म्हणजे हे मत टिकत नाही. पन्नाशी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाच्या मनात पेटीचे किंवा मृदंगाचे पहिले धडे घ्यावे असे आले, तर बोटे वळणार नाहीत ही भीती त्यास वाटतेच. पण त्याहून मोठी भीती असते ती लोक हसतील ही. या भीतीचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस ग्रीस देशातील अथेन्स नगरीत चोवीसशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या सॉक्रेटिस या तत्त्ववेत्त्याचे चरित्र आठवते. त्याने शांतपणे विष प्राशन केले, ही कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु हाच पुरुष उतारवयात शाळकरी मुलांबरोबर बसून तंतुवाद्य शिकत होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सॉक्रेटिसाचा जन्म इ. स. पूर्व ४६९ च्या सुमारास झाला. परंपरेप्रमाणे त्याचा पिता सोफ्रोनिस्कस हा पाथरवटाचा धंदा करी व माता फेनारेटी ही सुईण होती. तरुणपणी व प्रौढपणी त्याने पॉटिडिया, डेलियम व अँफिपोलिस येथील मोहिमांत साधा शिपाई म्हणून भाग घेतला. तो अनवाणी फिरे, थंडीत व उन्हाळ्यात एकच वस्त्र पांघरी आणि बाजारात भेटेल त्यास प्रश्न विचारीत बसे. त्याने स्वतः एक ओळही लिहून ठेविली नाही. त्याचे चरित्र आपणांस मुख्यतः त्याचे शिष्य प्लेटो व झेनोफन यांच्या ग्रंथांवरून कळते.

त्या काळी अथेन्समधील सुस्थितीतील घरचा मुलगा तिघांकडे शिकत असे : एकाकडे लिहिणे-वाचणे, दुसऱ्याकडे व्यायाम व तिसऱ्याकडे संगीत. संगीतशिक्षकाकडे जे वाद्य हाती येई ते लायर. कासवाच्या पाठीचा भोपळा, त्यातून निघालेले दोन बाहू, वर आडवी दांडी आणि बहुधा सात तारा, अशी त्याची घडण असे. सतारीप्रमाणे त्यास पडदे नसतात. आपल्या स्वरमंडलाप्रमाणे प्रत्येक तार निराळ्या स्वरात लावलेली असते. उजव्या हातातील कोणाने तारा छेडावयाच्या व डाव्या हाताच्या बोटांनी नको असलेला नाद दाबावयाचा, हे त्यातील कौशल्य. याच जातीचे, परंतु लाकडी व आकाराने मोठे असे किथारा नावाचे वाद्य धंदेवाईक वादक स्पर्धांतून वाजवीत. मेजवानीत वाद्य हाती आले असता ज्यास ते वाजविता येत नसे, त्याचे शिक्षण अपुरे राहिले असे लोक मानीत. म्हणजे ही मुलांनी मुलांच्या वयात शिकावयाची विद्या होती, आणि प्रौढाने तिच्या वर्गात बसणे हे विपरीत दिसत असे.

अशा स्थितीत सॉक्रेटिस हा मेट्रोबियसचा पुत्र कॉनस याच्याकडे किथारावादन शिकण्यास जाऊ लागला. प्लेटोच्या युथिडेमस या संवादात स्वतः सॉक्रेटिस ही हकिकत आपला समवयस्क मित्र क्रिटो यास सांगतो. वर्गातील मुले त्यास पाहून हसत. इतकेच नव्हे, तर त्याच्यामुळे त्यांनी गुरुजींसही म्हाताऱ्यांचा मास्तर असे नाव ठेविले होते. गुरुजींचीही त्याच्यावर फारशी मर्जी नसे. सॉक्रेटिस त्यांचे म्हणणे मुकाट्याने मान्य करीत नसे. तेव्हा ते रागावत आणि हा मंदबुद्धी आहे असे समजून त्याच्याकडे कमी लक्ष देत. ज्याच्या बुद्धीपुढे भलेभले वादपटू निरुत्तर होत, तो संगीताच्या वर्गात ढ ठरला होता!

प्लेटोने हे विनोदाच्या सुरात लिहिले आहे आणि वाचकांनीही ते हसतच वाचावे. परंतु त्यात एक मार्मिक गोष्ट आहे. मुलांच्या हसण्याने सॉक्रेटिस स्वतःसाठी खिन्न झालेला दिसत नाही. आपल्यामुळे गुरूची थट्टा होते, याचेच त्यास वाईट वाटते. आणि यावर त्याने उपाय कोणता केला? वर्ग सोडला नाही. आपल्यासारख्याच काही वयस्क गृहस्थांची समजूत घालून त्यांस आपल्याबरोबर शिकावयास नेले! एकटा वृद्ध विद्यार्थी हास्यास्पद दिसतो; चारजण एकत्र बसले म्हणजे तो एक वर्गच होतो.

हसणारी केवळ मुलेच होती असे नाही. इ. स. पूर्व ४२३ मध्ये अथेन्सच्या नाट्योत्सवात ॲरिस्टोफेनिसने मेघ नावाच्या प्रहसनात सॉक्रेटिसास रंगभूमीवर आणून त्याची यथेच्छ टवाळी केली. त्याच स्पर्धेत अमैप्सियस या कवीच्या कॉनस नावाच्या प्रहसनास दुसरे पारितोषिक मिळाले व मेघ तिसरे आले. सॉक्रेटिसाचे वय तेव्हा सेहेचाळीसच्या आसपास होते. सारे नगर हसत असताही तो आपल्या वाटेने चालत राहिला.

हे धैर्य त्यास कोठून आले? डेल्फी येथील अपोलोच्या देवस्थानी असा कौल मिळाला होता की, सॉक्रेटिसाहून ज्ञानी कोणी नाही. त्याने या कौलाचा अर्थ असा लाविला की, इतरांस आपण जाणते आहो असा भ्रम आहे, आणि आपणास आपले अज्ञान ठाऊक आहे, एवढाच भेद. आम्हांस असे वाटते की, बाजारात अज्ञान कबूल करणे एक वेळ सोपे आहे. दहा वर्षांच्या मुलांसमोर चुकीची तार छेडून ते कबूल करणे कठीण. सॉक्रेटिसाने तेही केले. जे येत नाही ते शिकण्यात विचित्र असे काही नाही, हे त्याचे मत डायोजीनिस लार्टियस या चरित्रकाराने नोंदविले आहे. झेनोफनने तर त्याच्या नृत्याभ्यासाची हकिकत दिली आहे. शरीर सर्वांगांनी सुदृढ राहावे म्हणून तो नाचत असे, आणि एका पहाटे त्याच्या मित्राने त्यास घरी एकटाच नाचताना पाहिले होते.

इ. स. पूर्व ३९९ मध्ये, सत्तर वर्षांचा असताना, नगराचे देव न मानणे व तरुणांस बिघडविणे या आरोपांवरून त्यास देहान्ताची शिक्षा झाली. डेलॉस बेटावर गेलेली पवित्र नौका परत येईपर्यंत कोणासही मृत्युदंड देण्याची चाल नसल्यामुळे तो तीस दिवस कारागृहात राहिला. संगीताची सेवा कर, असा आदेश देणारे स्वप्न त्यास आयुष्यात वारंवार पडत आले होते. तत्त्वचिंतन हेच श्रेष्ठ संगीत, असे तो आजवर मानीत आला. परंतु कदाचित आदेशाचा अर्थ सरळच असेल, असे वाटून त्याने बंदिवासात अपोलोचे एक स्तोत्र रचिले व इसापाच्या नीतिकथा पद्यात उतरविल्या. चौथ्या शतकातील रोमन इतिहासकार अम्मिआनस याने आणखी एक आख्यायिका दिली आहे. कारागृहात कोणी स्टेसिकोरस कवीचे गीत सुंदर गात होता. ते मला शिकव, अशी सॉक्रेटिसाने त्यास विनंती केली. उद्या मरावयाचे असता याचा उपयोग काय, असे त्याने विचारले, तेव्हा जाण्यापूर्वी आणखी थोडे जाणून घ्यावे एवढाच हेतू सॉक्रेटिसाने सांगितला.

सॉक्रेटिस निष्णात वादक झाला, असे या ग्रंथांत कोठेही म्हटलेले नाही. पण त्याच्या शिकण्याची आठवण मात्र मागे राहिली. सुमारे साडेतीनशे वर्षांनंतर रोमन ग्रंथकार सिसरो याने वार्धक्यावर ग्रंथ लिहिला. त्यात उतारवयात ग्रीक विद्या शिकलेला वृद्ध केटो सॉक्रेटिसाच्या या वाद्याभ्यासाचाच दाखला देतो. एकाच्या शिकण्याने दुसऱ्यास बळ येते, ते असे.

वडीलधाऱ्यांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही व आमचे ते वयही नव्हे. आमची विनंती आहे ती आम्हां तरुणांस व मुलांस. घरातील आजोबांनी किंवा आत्याबाईंनी प्रथमच पेटीवर बोट ठेविले आणि सूर चुकला, तर हसू नये. जवळ बसून भाता मारावा. आणि वडील मंडळींनीही एकट्याने संकोच वाटत असेल, तर सॉक्रेटिसाप्रमाणे आणखी दोघांचौघांस बरोबर घेऊन बसावे.