कल्याणची यमू आणि तिची इंग्रजी

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांच्या यशाचा शेवटचा टप्पाच आधी पाहतो. डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली महाराष्ट्रीय स्त्री आणि तिचा अकाली मृत्यू, एवढे आपल्याला शाळेपासून पाठ असते. पण ती पदवी ज्या भाषेतून मिळवायची होती, ती भाषा त्यांना आली कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. मला मात्र तोच प्रश्न पडला. त्याला कारणही आहे. मी विठ्ठलवाडीला राहते आणि आनंदीबाईंचे माहेर कल्याण, म्हणजे आमच्या शेजारचेच स्टेशन. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मराठी माध्यमातून बारावी झाले आणि येथे आल्यावर सक्तीच्या इंग्रजीशी गाठ पडली. शब्दकोश, व्याकरणाचे पुस्तक आणि वही घेऊन रात्री बसले की मनात येई, दीडशे वर्षांपूर्वी कल्याणच्या एका मुलीने हे कसे केले असेल?

या मुलीचे माहेरचे नाव यमुना. घरात तिला यमू म्हणत. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी हे जुन्या कल्याणातले जमीनदार. पूर्वीचे वैभव ओसरत चाललेले, पण घराण्याचा मान शिल्लक होता. मुंबईची आगगाडी १८५४ सालीच कल्याणपर्यंत आली होती. गाव बदलू लागले होते, घरातले रीतिरिवाज मात्र फारसे बदलले नव्हते. मुलीने शिकावे असे फार थोड्यांना वाटे. शिकलेली मुलगी घराला अपशकुनी, अशी समजूत तेव्हा चांगल्या घरांतूनही होती.

१८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमूचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमूची आनंदी झाली. गोपाळराव विलक्षण माणूस. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा एकच ध्यास. नोकरीत बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा हा संसार फिरत राहिला आणि त्याबरोबर आनंदीबाईंचा अभ्यासही फिरत राहिला. पतीच हेडमास्तर, पतीच परीक्षक. आधी मराठी, मग संस्कृत आणि इंग्रजी.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. गोपाळरावांचे शिकवणे प्रेमळ नव्हते. अभ्यासात चूक झाली किंवा लक्ष स्वयंपाकघराकडे वळले की ते हात उगारीत, हाताला येईल ते फेकून मारीत. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांना या माराची आठवण करून दिली. दहाव्या वर्षी काय सोसले, बाराव्या वर्षी काय सोसले, याचा हिशेबच त्यांनी मांडला, आणि तुमचे वागणे चांगले म्हणावे की वाईट हे ठरवणे मला अवघड जाते, अशा अर्थाचे लिहिले. गोपाळराव नसते तर आनंदीबाई घडल्या नसत्या असे पुष्कळ जण म्हणतात. ते खरेही असेल. पण त्यामुळे मार योग्य ठरत नाही. धाकाने पाठांतर होते, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत अनुभवले आहे. धाकाने भाषा येते का? मला वाटते, येत नाही. आनंदीबाईंना ती आली त्याचे कारण वेगळे होते, आणि ते त्यांच्या आयुष्यातच सापडते.

चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, हे शल्य त्यांच्या मनात कायमचे राहिले. पुरुष डॉक्टरपुढे जाण्याचा संकोच, आणि स्त्री डॉक्टर तर दृष्टीसही न पडणारी. घरोघरच्या बायका दुखणी अंगावर काढीत आणि मुकाट्याने मरत. आपण वैद्यक शिकावे हा विचार येथे रुजला. आता इंग्रजी हा नवऱ्याने घातलेला धडा राहिला नाही. वैद्यकाच्या दाराला लागलेले ते कुलूप होते आणि त्याची किल्ली त्यांना स्वतःलाच हवी होती.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, साहाय्य मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. धर्मांतर केलेत तर मदत होईल, असा उत्तराचा रोख होता. ते या दोघांना मान्य नव्हते. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे गेल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. ओळख ना पाळख, पण त्या बाईंचे मन द्रवले आणि १८८० साली त्यांनी होऊन पत्र पाठवले. तेथून दोन बायकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

माझ्या मते आनंदीबाईंची खरी इंग्रजी शाळा ही होती. मुंबईत त्या काही काळ मिशनच्या शाळेत गेल्या होत्या, घरी पतीची शिकवणी होतीच. पण पत्र लिहिताना समोर खरे माणूस असते. मावशी विचारायच्या आणि भाचीने सांगायचे, हिंदूंचे सण कोणते, लग्ने कशी लावतात, बायकांची राहणी कशी. या प्रत्येक उत्तरासाठी शब्द शोधावे लागत. व्याकरणाच्या पुस्तकातले वाक्य कुणालाही उद्देशून नसते, म्हणून ते लक्षात राहत नाही. सणाचे, सोवळ्याओवळ्याचे, बालविवाहाचे वर्णन सातासमुद्रापलीकडच्या बाईला कळेल असे लिहायचे म्हणजे भाषेचा कस लागतो.

मराठी माणसाला इंग्रजी का जड जाते, याचाही मी थोडा विचार केला आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांचे कर्त्याला चिकटून. आपले विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून लागतात, त्यांची शब्दयोगी अव्यये नामाच्या पुढे उभी राहतात. ‘अ’ आणि ‘द’ ही चिमुकली उपपदे आपल्याकडे नाहीतच, म्हणून ती कुठे घालावी आणि कुठे गाळावी हे उमगता उमगत नाही. पण एक गोष्ट मला फार गमतीची वाटली. मराठीत मी जाते म्हटले की बोलणारी स्त्री आहे हे त्याच क्षणी कळते. इंग्रजीत ‘आय गो’ म्हणणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापद सांगत नाही. तसेच तू, तुम्ही आणि आपण या तिघांना तेथे ‘यू’ हा एकच शब्द. ज्या काळी बायको नवऱ्याचे नाव घेत नसे, वडीलधाऱ्यांपुढे मान वर करून बोलत नसे, त्या काळी या भाषेत लिहिताना कल्याणच्या त्या मुलीला थोडा मोकळा श्वास घेता आला असेल का? तसे झाले असेल, असे मला आपले वाटते. अमेरिकेतून गोपाळरावांना मात्र त्या मराठीतच लिहीत. नवी भाषा आली म्हणून जुनी टाकायची असते असे नाही, हेही त्यातून दिसते.

इंग्रजीची गरज मला पुस्तकाबाहेर कळली ती घरीच. माझे वडील उल्हासनगरला एका कारखान्यात शिवणकाम करतात. आईला सही करता येते. मागच्या वर्षी आईच्या तपासणीचे कागद घरी आले ते सगळे इंग्रजीत. घरातली सगळी माणसे त्या कागदाभोवती बसली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक शब्द लावला. चिंतेचे काही नव्हते. पण आजार आईचा आणि त्याची भाषा तिला परकी, ही गोष्ट मला फार लागली. आनंदीबाईंनी ज्या बायकांसाठी समुद्र ओलांडला, त्या आणि माझी आई यांच्यामध्ये मला फारसे अंतर दिसले नाही.

अमेरिकेला जाण्याचे ठरले तेव्हा चहूकडून टीका सुरू झाली. तेव्हा आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयात जाहीर भाषण केले, आणि तेही इंग्रजीतून. वय अठराच्या आत. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत होते ते त्यांनी स्वतःच एकामागून एक मांडले. अमेरिकेला कशासाठी? हिंदुस्थानात शिकता येणार नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? वाटेत संकट आले तर? आजवर कोणत्याच बाईने केले नाही ते तूच का करावेस? प्रत्येकाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. रस्त्याने चालताना लोक कसे भोवती जमतात, टवाळी करतात, खडे मारतात, हेही सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी बजावले. ज्या मुलीने घरात मार खात धडे गिरवले, ती परक्या भाषेत भरसभेत आपली बाजू मांडते आहे! आपल्या वर्गात उभे राहून चार वाक्ये बोलायची तर आपले पाय लटपटतात, म्हणून या भाषणाचे मोल मला जास्त वाटते.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पती बरोबर नव्हते. कार्पेंटरमावशी उतरवून घ्यायला आल्या होत्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. थंडी, शाकाहार, एकटेपणा आणि कायमची नाजूक प्रकृती यांतून अभ्यास चालला होता. वेश साडीचाच ठेवला, फक्त थंडीसाठी नेसण्याची पद्धत बदलून गुजराथी केली. ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तिघींची मातृभाषा निराळी आणि तिघीही वैद्यक शिकत होत्या इंग्रजीतून. ते चित्र पाहिले की इंग्रजी आपल्यालाच छळते ही समजूत गळून पडते.

पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी जुन्या संस्कृत ग्रंथांचा आधार घेतला आणि अमेरिकन वैद्यकाचाही. म्हणजे इंग्रजी शिकून त्यांनी केवळ बाहेरचे आत घेतले नाही, आपल्याकडचेही जगापुढे ठेवले. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. समारंभाला गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या कामावर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे. पत्रांतून जुळलेले नाते असे शेवटपर्यंत टिकले.

मग एवढ्या कष्टांचे फळ काय, असे कोणी विचारील. एकाही गरीब बाईची नाडी त्यांना रुग्णालयात पाहता आली नाही, हे खरे. तो विचार मनात आला की मलाही उदास वाटते. पण त्यांच्यानंतर शिकणाऱ्या मुलींना हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय कुणाला उरली नाही. अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली आणि ती घराघरांत पोहोचली. त्याच काळातल्या रमाबाई रानडेही घरातल्या बायकांचे टोमणे सोसत इंग्रजी शिकल्या. या बायकांनी सोसले नसते तर आज माझ्यासारखी मुलगी विठ्ठलवाडीहून लोकल धरून महाविद्यालयात आलीच नसती.

माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींनो, इंग्रजीचा बाऊ करू नका आणि तिचा तोराही मिरवू नका. आनंदीबाईंना इंग्रजी हवी होती ती कुणापुढे मिरवण्यासाठी नव्हे. त्यांच्याजवळ काही सांगण्यासारखे होते आणि काही शिकण्यासारखे त्यांना हवे होते. आपल्यालाही असेच एखादे कारण शोधले पाहिजे. मी आता एक नियम केला आहे. रोज दहा नवे शब्द पाठ करण्याऐवजी रोज एक छोटे पत्र इंग्रजीत लिहायचे, आमच्या चाळीबद्दल, आईच्या स्वयंपाकाबद्दल, गाडीच्या गर्दीबद्दल. अजून ते पाठवायला कोणी मावशी मिळालेली नाही. तोपर्यंत वर्गातल्या दोन मैत्रिणी आणि मी एकमेकींची पत्रे तपासतो. अडले की इंग्रजीच्या सरांकडे जातो. आणखी कुणाला यायचे असेल तर दुपारच्या सुट्टीत वाचनालयात यावे, आम्ही तिघी तिथेच असतो.